मागे राहिलेली पाखरे

वारकऱ्याला तिथी विचारावी लागत नाही. इंग्रजी तारीख विचारली तर तो क्षणभर थांबेल, पण आज दशमी की एकादशी हे त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. माउली, खाडीकाठच्या कोळ्यांचेही असेच आहे. त्यांचे घड्याळ तिथीवर चालते. मुंबईच्या किनाऱ्यावर त्यांचा एक साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. खाडीत आत गेले की वेळ थोडी पुढे सरकते, एवढेच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

हा हिशेब मला आमच्या दिंडीतल्या एका माळकरी कोळी गृहस्थांनी शिकवला. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारीचा धंदा. गळ्यात माळ पडल्यापासून त्यांनी स्वतः मासा खाणे सोडले, पण खाडीचे वेड सुटले नाही. दिंडीत आम्ही दोघे एकाच ओळीत चालायचो. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट आम्ही बरोबर तुडवली ती बावीस वर्षे. गेल्या वर्षी ते चालले आणि मी घरी राहिलो. दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजली आहे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून दाखवला आणि म्हणाले, "काका, घाट चढणे आता बंद."

ज्याने वारी केली आहे, त्याला मी हे अधिक उलगडून सांगायला नको. ज्येष्ठात दिंडी निघते, आदल्या रात्री सामान बांधले जाते, पताका बाहेर काढल्या जातात, आणि आपण दारात उभे राहून निरोप देतो. मग रोज रात्री मनात मुक्काम मोजायचे. आज सासवड. आज जेजुरी. आज वाल्हे. मुलगा म्हणाला, "बाबा, एसटीने जा, दर्शन घेऊन या." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण दर्शन आणि वारी यांत जे अंतर आहे, ते पायांनाच कळते.

यंदा चैत्री एकादशीला मी पंढरपूरला नव्हतो. पहाटे फोन आला. "माउली, आज सव्वाआठची भरती. माझ्याबरोबर चला. सपाट वाट आहे, गुडघ्याला त्रास नाही. पाखरे जायच्या तयारीत आहेत, ती बघून घेऊ."

आम्ही गेलो ते ठाण्याच्या खाडीकाठी, भांडुपला. पूर्व द्रुतगती महामार्गावरून पंपिंग स्टेशनकडे आत वळले की पाच मिनिटांत मुंबई मागे पडते. एका बाजूला तिवरांचे रान, दुसऱ्या बाजूला मिठागरे. पिशवीत पाण्याची बाटली, राजगिऱ्याचे लाडू आणि नातवाची दुर्बीण. मित्राने पहिली सूचना दिली ती अशी, "इथे नाम मनात घ्यायचे. मोठ्याने नाही."

वाटेत त्यांनी तिवराचे एक पान उलटे करून दाखवले. पानावर मिठाचे बारीक कण चमकत होते. तिवर खाऱ्या पाण्यात उभे असते. मुळातून जे मीठ आत शिरते, ते पानांवाटे बाहेर टाकते. मी बोट लावून जिभेवर ठेवले, चांगलेच खारट. मी विचारले, "एकादशीला हे चालते का?" ते हसले. "सैंधव नाही, पण झाडाचे आहे." तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून शेकडो काड्या वर आलेल्या दिसतात. त्या श्वास घेणाऱ्या मुळ्या. चिखलात हवा नाही, म्हणून झाड मुळ्या वर काढते आणि ओहोटीच्या वेळात श्वास भरून घेते. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. पाण्याबाहेर राहू शकणारा हा मासा. एका पंजाने मोठा आणि दुसऱ्याने लहान असे खेकडे बिळाच्या तोंडाशी तो मोठा पंजा हलवत उभे होते, जणू कुणाला बोलावत आहेत.

पाखरांचे सांगतो. खाडीतली बहुतेक पाखरे चिखलावर पोट भरतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ती पसरतात, चोची खुपसून किडे, शिंपले, जळवांसारखे जीव टिपतात. भरती चढू लागली की चिखल पाण्याखाली जातो आणि पाखरांना उभे राहायला जागा उरत नाही. मग सारे थवे उठून मिठागरांवर येतात आणि पाणी उतरेपर्यंत तिथे विसावा घेतात. दिवसातून दोनदा हे चालते, आणि रोज भरतीबरोबर पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणजे पाखराचाही दिवस सूर्यावर नाही, तिथीवर ठरतो. भरतीच्या वेळी मिठागराजवळ थांबले की ती आपोआप जवळ येतात, त्यांच्यामागे धावावे लागत नाही. आम्ही बांधाशेजारी एका दगडावर बसलो. माझ्या गुडघ्यांना हे फार मानवले.

आधी शेकाट्या दिसले. लांब लाल पाय, काळे पंख, पांढरे पोट. हे इथलेच रहिवासी. मग हळदी-कुंकू बदकांची जोडी. त्यांची चोच काळी, टोकाशी पिवळी, आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. ज्याने हे नाव ठेवले त्याने बदकाच्या कपाळी सवाष्णीचा मान दिला. सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्ली यांनी अशी लोकांच्या तोंडची नावे आयुष्यभर गोळा केली आणि 'पक्षिकोशा'त जपून ठेवली. खाडीपलीकडे, ऐरोलीच्या बाजूला, दूर पाण्यावर गुलाबी रेघ ओढल्यासारखे दिसत होते. ते रोहित. कुणी त्यांना अग्निपंख म्हणतात. दुर्बिणीतून पाहिले तर हजारो पाखरे मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळत होती. रोहिताचे पिल्लू जन्मते तेव्हा करड्या रंगाचे असते. पाण्यातले शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन तो गुलाबी रंग त्याच्या पिसांत उतरतो, आणि पुरता चढायला काही वर्षे लागतात. ही पाखरे पावसाच्या सुरुवातीला कच्छच्या रणाकडे निघतात. रणात पाणी भरले की तिथे चिखलाची घरटी करतात.

सव्वाआठ वाजून गेले. मग मिठागरावर लहान पाखरांचा थवा उतरला. चिमणीपेक्षा थोडी मोठी, चोच शेवटी खाली वाकलेली. ही बाकदार चोचीची तुतवारे. त्यांच्यातली कितीतरी विटेसारखी तांबडी झाली होती. हिवाळाभर ती करडी असतात. चैत्रात त्यांच्या अंगावर हा रंग चढतो, तो घरी जाण्याचा रंग. घर म्हणजे सायबेरियाच्या अगदी उत्तरेचा बर्फाळ प्रदेश. तिथे वर्षातले मोजके आठवडे बर्फ वितळते, तेवढ्यात अंडी घालायची, पिल्ले वाढवायची. वजन म्हणाल तर आपल्या मुठीतल्या शेंगदाण्याएवढे, पन्नास-साठ ग्रॅम. निघण्याआधी ती इतके खातात की अंगावर चरबीचे थर चढतात. त्यांच्या भाऊबंदांपैकी पट्टेरी शेपटीच्या एका पाणपाखराची तर कमालच. ते अलास्कातून निघून प्रशांत महासागर न थांबता ओलांडते. २०२२ साली अशा एका पिल्लाने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत कापले. वाटेत खाणे नाही, पाणी नाही, टेकणे नाही. निघण्यापूर्वी या जातीच्या पाखरांच्या पोटातली पचनाची इंद्रियेही आक्रसून लहान होतात, कारण वाटेत त्यांचे काम नसते आणि ओझे मात्र असते. आपण एकादशीला साबुदाण्याची दुसरी वाटी मागतो, तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

आमच्यापासून थोड्या अंतरावर एक मुलगी तिपाईवर दुर्बीण लावून वहीत आकडे लिहीत होती. पक्ष्यांवर शिकते आहे असे तिने सांगितले. माझ्या हातातली दुर्बीण डुगडुगताना पाहून तिने आपली दुर्बीण माझ्यासाठी मोकळी केली. मी पाहिले. तांबड्या थव्यात मध्ये मध्ये काही पाखरे अजून करडीच होती. मी विचारले, "यांना रंग का नाही चढला?"

ती म्हणाली, "काका, ही लाल झालेली जातील. करडी बहुतेक राहतील. गेल्या वर्षी जन्मलेली आहेत ती. पहिल्या वर्षी पुष्कळ पाखरे परत जातच नाहीत, इथेच पावसाळा काढतात."

"सगळी लहानच का?"

"बहुतेक लहान. पण पंखाला, पायाला काही झालेले असेल तर मोठेही राहते."

तिने हे वहीत लिहिता लिहिता सांगितले. मी का विचारतो आहे हे तिला माहीत नव्हते. माझ्या मित्राला माहीत होते. त्यांनी काही न बोलता माझ्या हातात लाडू ठेवला.

थोड्या वेळाने वरून ससाणा गेला आणि सारा थवा एकदम उठला. तुम्ही ते पाहिले पाहिजे. हजार पाखरे एका क्षणी डावीकडे वळतात तेव्हा थवा काळा दिसतो, उजवीकडे वळतात तेव्हा पांढरा. कुणी हुकूम देत नाही. प्रत्येक पाखरू शेजारच्या पाखरांकडे लक्ष ठेवते आणि त्यांच्याबरोबर वळते. दिंडीत पावली खेळताना आपण हेच करतो. पुढच्याचे पाऊल पाहायचे, बाजूच्याचा टाळ ऐकायचा. त्या उडत्या थव्यात तांबडी कोणती आणि करडी कोणती हे मला ओळखता येईना. जाणारी आणि राहणारी, दोन्ही एकाच वळणाने वळत होती.

माउली, इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. पाखराच्या गळ्यात आपण आपली माळ घालू नये. ते सायबेरियाला भक्तीने जात नाही. ते अन्नासाठी, पिल्लांसाठी, अंगातल्या ओढीने जाते. या तुतवारांची आईबापे पिल्लांच्या आधी दक्षिणेकडे निघतात आणि पिल्ले मागून, कुणी मोठे वाट दाखवायला नसताना, हजारो मैल येतात. आपले तसे नाही. आपल्याला वाट दाखवायला विणेकरी आहे, चोपदार आहे, आजोबांनी धरलेले बोट आहे. तेव्हा पाखरू वारकरी आहे असे मी म्हणणार नाही. पण दृष्टान्त हा दिव्यासारखा असतो. दिवा म्हणजे घर नव्हे, पण घरातली वस्तू त्याच्या उजेडात सापडते.

मला काय सापडले ते सांगतो. ते करडे पाखरू राहिले म्हणून थव्यातून वगळले गेले नाही. पण त्याला राहता आले, ते चिखलामुळे. बाकीचे थवे उत्तरेला गेल्यावर ऊन, वारा, पाऊस सोसत त्याला चार महिने खायला घालणारा तो काळा, वासाचा, कुणाच्या नजरेत न भरणारा चिखल. आणि जाणाऱ्या तांबड्या पाखराच्या पंखांत जे बळ आहे, तेही याच चिखलातून आले आहे. खाडी स्वतः कुठे जात नाही. पण तिच्यावाचून कुणाचेही जाणे होत नाही.

आपल्या वारीत हा चिखल कोण आहे? गावोगावी पाण्याची पिंपे भरून ठेवणारे. भाकरीची चळत घेऊन रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मायबहिणी. पायांना तेल लावून देणारी मुले. दिंडीच्या ट्रकबरोबर पुढे जाऊन, माणसे पोचण्याआधी चूल पेटवणारे. बावीस वर्षे मी त्यांच्या हातचे खाल्ले. दिंडी मुक्कामाला आली की आमटीचा वास यायचा आणि पाय आपोआप झपझप पडायचे. ती आमटी करणाराही सगळी वाट पंढरीची गेलेला असतो. फक्त तो टाळ घेऊन नाही, कढई घेऊन जातो.

आता या चिखलाबद्दल दोन शब्द, कारण तो आपोआप टिकत नाही. ठाण्याच्या खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सुमारे १७ चौरस किलोमीटर. २०२२ साली ही खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर ही तिसरी. कागदावर हे चांगले झाले. पण पाखराला अभयारण्याची हद्द ठाऊक नसते. भरतीला ते ज्या मिठागरावर किंवा तळ्यावर विसावते, ती जागा अनेकदा हद्दीबाहेर असते. तिथे डेब्रिज पडले, भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजली, की तळे सुकते. मग सहा तास पाखराने उभे कुठे राहायचे? पालखीतळावर इमारत उभी राहिली तर दिंडीने मुक्काम कुठे करायचा, असा हा प्रश्न आहे. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरवर एका विमानाची धडक बसून ३९ रोहित एका रात्रीत पडले. वारीच्या वाटेवर वाहन दिंडीत घुसल्याची बातमी येते तेव्हा आपल्या घशाखाली घास उतरत नाही. मला त्या दिवशी तसेच झाले होते. वाटेने जाणारा जीव आपल्या पायांवर किंवा पंखांवर विश्वासून निघतो. वाट सांभाळणे मात्र त्याच्या हातात नसते, ते वाटेवर राहणाऱ्यांच्या हातात असते.

दहाच्या सुमारास पाणी उतरू लागले. चिखलाची पहिली कड उघडी पडली आणि मिठागरावरची पाखरे तिकडे सरकली. भांगाचे दिवस नुकतेच सरलेले, त्यामुळे पाणी हळू उतरत होते. तुकोबारायांनी झाडांना आणि पाखरांना सोयरे मानले, असे आपण कीर्तनात ऐकत आलो. सोयऱ्याकडे गेल्यावर त्याच्या घरात काय चालले आहे हे विचारावे लागते, नुसते नाते सांगून भागत नाही. परतताना मित्राने बांधावर पडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या उचलल्या. मला वाकता येत नाही, म्हणून मी गोणीचे तोंड धरले.

यंदाच्या ज्येष्ठात मी दिंडीबरोबर जाणार आहे. चालत नाही. ट्रकमध्ये, स्वयंपाकाच्या माणसांबरोबर. भाजी निवडायला, शिध्याचा हिशेब ठेवायला आणि रोज दुपारी, माणसे यायच्या आधी, पाण्याची पिंपे भरली आहेत ना हे बघायला. हे ठरवताना मन सहज तयार झाले असे नाही. दिवे घाटात जेव्हा दिंडी चढत असेल आणि ट्रक दुसऱ्या रस्त्याने पुढे निघालेला असेल, तेव्हा काय वाटेल ते आज सांगता येत नाही. टाळ जवळ ठेवणार आहे. संध्याकाळी मुक्कामी हरिपाठाला तो लागेल.

तुमच्यापैकीही कुणाचे पाय थांबले असतील. कुणाच्या घरी आजारी माणूस असेल, कुणाच्या शेतावर पाणी द्यायला दुसरे कुणी नसेल, कुणाला रजा मिळत नसेल. दिंडी गेल्यावर दारातली ती शांतता तुम्हालाही ओळखीची असेल. तुमच्याजवळ खाडी असेल तर चैत्रात एकदा जा. ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सगळीकडे आहेत. तिथी बघा, तिची पाऊणपट करा, भरतीच्या अर्धा तास आधी पोचा. फिक्या रंगाचे कपडे घाला, बोलू नका, पाखरांच्या जवळ जाण्याचा हट्ट धरू नका. ती उठली तर तिची शिदोरी आपण उधळली असे समजा, कारण प्रत्येक उड्डाणाला चरबी खर्ची पडते आणि पुढे सायबेरियापर्यंत जायचे आहे.

आणि आषाढी एकादशीच्या दिवशी, पाऊस थांबला असेल तर, पुन्हा एकदा ओहोटीला त्याच जागी जाऊन बघा. तांबडी पाखरे तेव्हा उत्तरेत पिल्लांपाशी असतील. चिखलावर थोडी करडी पाखरे चरताना दिसतील. त्यांना आपण मनात नमस्कार करावा आणि आपल्या कामाला लागावे.

रामकृष्णहरी.